डावा तळहात

मुक्काम : घर
ता. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझंही ठीक असेल असं धरून चालतो, कारण तुझ्याकडून कळायची काही सोय नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तिसऱ्या वाक्याला तू ठेवून देतेस. पत्रात निदान मला वाक्य पूर्ण करता येतं.

कामाचं लिहितो. बाबा कामाला होते तो बॉयलरचा कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली. त्याच शेडमध्ये आता पवनचक्क्यांची पाती बनणार आहेत. साचे येऊन पडलेत, एकेक साचा आपल्या गल्लीपेक्षा लांब. गावाला काम मिळणार म्हणून सगळे खूश आहेत, पण तिथल्या तपासणीच्या मुख्य बाईंनी मला तोंडावर सांगितलं की गावचा आहे म्हणून कुणाला घेणार नाही, काम येत असेल त्याला घेऊ. मी मागे लागून एवढं कबूल करून घेतलं की आमच्या तंत्रशाळेची पहिली तुकडी त्या स्वतः पारखतील. अकरा मुलंमुली आहेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा. जमलं तर अकराही जण तपासणी विभागात, आणि दरवर्षी नवी तुकडी. नाही जमलं तर बाई बाहेरून तयार माणसं आणणार आणि आमचा वर्ग बंद. मी लेथचा वर्ग सोडून हा घेतला आहे, तेव्हा माझंही त्यातच आलं.

काचेचं कापड, रेझिन, थर कसे बसतात, हे सगळं शिकवून झालं. अडतं एका जागी. पात्यावर हातोडीने हलकेच ठोकून आत थर सुटलाय का ते ओळखायचं. पुस्तकात यावर चार ओळी आहेत. तू तीन वर्षं चालू पवनचक्क्यांची पाती तपासत दोरीला लटकतेस, दुसरं काही करत नाहीस. तर तुझ्या शब्दांत, क्रमवार लिहून पाठव. क्रमवार हा शब्द मुद्दाम घातला आहे.

आई बरी आहे. बाबा खिडकीत बसून असतात.
माया आहेच, पत्रही येऊ दे.
दादा

ता. क. तुझ्या मागच्या पत्रात सतरा चुका होत्या. लाल पेनाने खुणा करून ठेवल्या आहेत.


मुक्काम : माळावरची पत्र्याची खोली, सहा माणसं, एक पंखा
ता. २४ जानेवारी

ति. दादास,
साष्टांग नमस्कार. खोलीत आडवं पडायला जागा नाही म्हणून उभ्यानेच घालते, चालवून घे.

तुझं पत्र दोन मुक्काम मागे गेलं होतं. माझ्या मागे धावून पत्रालासुद्धा धाप लागलेली, पाकिटाचे कोपरे पार गेलेत. सतरा चुकांचं मनाला लावून घेतलेलं नाही. तंत्रशाळा अर्ध्यात सोडली तेव्हाच माझा नि ऱ्हस्वदीर्घाचा काडीमोड झाला.

आता क्रमवार. एक, हातोडी. लहान हवी, हलकी हवी, नि मुठीत आवळायची नाही. अंडं धरल्यासारखी धरायची. दोन, ठोकायचं ते दोन-दोन बोटांच्या अंतराने, एका ओळीत, शेत पेरल्यासारखं. मध्ये सोडलं की नेमकी तिथेच पोकळी असते. परवा आम्ही एका पात्याच्या मुळाशी गेलो तर आत चिमण्यांनी संसार मांडलेला. मुकादम, म्हणजे आमच्या टोळीचा म्होरक्या, एरवी कुणाला अर्धा तास उसंत देत नाही, पण त्या दिवशी म्हणाला की हे पातं पिल्लं उडेपर्यंत बंद. मालकाला त्याने काय सांगितलं देव जाणे. मी तिथे तासभर बसून राहिले. वरून माणसं अगदी तिळाएवढी दिसतात आणि सगळी कुठेतरी निघालेली दिसतात. मलाही मग निघावंसं वाटायला लागतं. या माळावर दोन महिने झाले, पाय शिवशिवतायत.

कितीवर होतो? तीन. चांगलं पातं खणखणीत वाजतं. थर सुटलेला असेल तिथे बद्द. तडा गेलेलं मडकं वाजतं ना, तसं. एकदा कानात बसलं की विसरत नाही. सगळं कानावर आहे दादा. कान द्यायचा, बाकी काही नाही. मुलांना गप्प बसायला सांग, तुला ते छान जमतं.

हातोडी मी बाबांचीच वापरते, बॉयलरवरची. विचारून आणलीय, चोरून नाही. निघाले त्या दिवशी ते खिडकीत बसले होते, पाठीमागे उभी राहून तीनदा विचारलं. त्यांनी मान वळवली नाही. शाळा सोडली म्हणून एवढा राग असेल तर असू दे म्हटलं, आणि पिशवीत टाकली. ते माझं नाव काढतात का, हे मी विचारत नाहीये.

लोभ ठेव, लाल पेन ठेवू नकोस.
भिंगरी


मुक्काम : घर
ता. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं, चिमण्यांसकट. मुलं तेवढंच दोनदा वाचा म्हणाली.

तू सांगितलंस ते शब्दशः करतो आहे. मागची खोली घेतली, खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद, दारावर शांतता राखा अशी पाटी. मुद्दाम पोकळी ठेवून चार तुकडे बनवले आहेत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळंच बद्द वाजत होतं. आता दहातल्या आठ जागा बरोबर सांगतात. एक मुलगी आहे, तिला सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण ती शाळेचा जिनासुद्धा मोजून चढते. ती दहाच्या दहा सांगते. उन्हाने आम्ही सगळे त्या खोलीत शिजून निघतो, पण टाचणी पडली तर ऐकू येते.

तिने मला विचारलं, की ज्या ताईने हे लिहिलं ती इथे येऊन का शिकवत नाही. मी सांगितलं की तिच्या पायाला चक्र आहे. ती म्हणाली, मग चक्र इकडे वळवायला सांगा. निरोप दिला.

हातोडीबद्दल सवडीने लिहीन.
आठवण काढतो, तूही काढत जा.
दादा


मुक्काम : घर
ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. वाईट बातमी आधी लिहितो. परीक्षा झाली आणि अकरापैकी दहा जण नापास झाले. मोजपट्टी तेवढी कशीबशी निघाली.

चूक काय झाली ते आत पाऊल टाकताक्षणी मला कळलं. शेडमध्ये धूळ ओढणारे पंखे आहेत, चार, प्रत्येक आपल्या घराएवढा. ते कधी बंद होत नाहीत. शेजारच्या साच्यावर घासायची यंत्रं चालू. बाईंनी मुलांच्या हातात हातोड्या दिल्या आणि सुरू करा म्हणून खूण केली, कारण बोललेलं ऐकू येत नव्हतं. मुलं ठोकत होती आणि माझ्याकडे बघत होती. दीड महिना मी त्यांना अशा शांततेत शिकवलं, जी त्यांना कामावर एक मिनिटही मिळणार नाही. एका मुलाने तर पात्यालाच कान लावला, बाईंनी त्याला बाजूला केलं.

फाटकाबाहेर आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. घरी जा असंही मला सांगवेना. मग मी पुन्हा आत गेलो आणि बाईंना म्हटलं की दोष मुलांचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. त्या कडक आहेत पण आडमुठ्या नाहीत. ७ एप्रिलला पुन्हा घेते म्हणाल्या, एकदाच.

आता पत्रावर भागणार नाही. तू ये. चार आठवड्यांसाठी ये, मग हवं तिकडे जा, मी अडवणार नाही.
तुझी वाट बघणारा,
दादा


मुक्काम : तीच पत्र्याची खोली, पंखाही बिघडला
ता. १६ मार्च

ति. दादास,
नमस्कार. तुझं पत्र वाचून पिशवी भरली. मग उपसली. परत भरली. खोलीतले म्हणाले एक काय ते ठरव, तुझे कपडे आमच्या अंगावर पडतायत. म्हणून बाहेर दगडावर बसून लिहितेय.

ते दहा जण माझ्यामुळे पडले. तू शिकवणाऱ्याचा दोष म्हणालास, पण लिहिलं मी होतं. कान द्यायचा, बाकी काही नाही, किती ऐटीत लिहिलं होतं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. आमच्याकडे वरती काय शांतता असते? वारा नुसता फाडून खातो, शेजारच्या दोरीवरच्याला हाक मारायची तर हात हलवावा लागतो. मग मी तिथे ऐकते कशी?

मुकादमाला म्हटलं, की आज मी ठोकत असताना माझ्याकडे बघ आणि मी काय करते ते सांग. खाली उतरल्यावर तो सांगतो, की उजव्या हाताने तू ठोकतेस आणि डावा पंजा सगळा वेळ पात्याला चिकटवलेला असतो, पहिल्या दिवसापासून. त्यांना वाटायचं मी घाबरून धरते. तीन वर्षं ही सगळी टोळी मला भित्री समजत होती आणि दया येऊन कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कानांत कापूस कोंबून वर गेले. सगळ्या जागा बरोबर. मग कापूस काढला आणि डाव्या हातात जाड मोजा घातला. पाचातल्या तीन चुकल्या. दादा, मी ऐकतच नव्हते. चांगल्या जागी ठोका तळहाताखालून सरळ निघून जातो. सुटलेल्या जागी तो तिथेच थरथरत राहतो, मुठीत धरलेल्या भुंग्यासारखा. माझा हात हे करत होता आणि मला सांगत नव्हता.

आता पुढचं नीट वाच. हा हात मी कुणाचा उचलला ते आठवलं. शाळेतून येताना बाबांचा डबा द्यायला मी कारखान्यात जायचे. ते पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या एका अंगाने हातोडी मारायचे आणि दुसऱ्या अंगाला बोट ठेवायचे. ढिला रिव्हेट बोटाला कळायचा. त्या गोंगाटात मी डबा आणला म्हणून ओरडायचे तर माझं मलाच ऐकू यायचं नाही. तिथे तीस वर्षं उभा राहिलेला माणूस.

आणि मग मला तो खिडकीतला दिवस आठवला. तीनदा विचारलं होतं मी. पाठीमागून.

खरं सांग. बाबांना ऐकू येत नाही का? कधीपासून?

मी येऊन काही उपयोग नाही. मला करता येतं, सांगता येत नाही, हे सिद्ध झालंय. ज्याला दोन्ही येतं तो तुझ्या घरात खिडकीशी बसलाय.

राग मानू नकोस, उत्तर पाठव, उशीर करू नकोस.
भिंगरी


मुक्काम : घर
ता. २४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. कारखाना बंद व्हायच्या चार वर्षं आधीपासून. आधी एक कान, मग दुसरा. कान गेलेल्या माणसाला तपासणीवर कोण ठेवणार, फाटकावर बसवतील, म्हणून त्यांनी आईला आणि मला शपथ घातली. तुला सांगायचं नाही, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, असं त्यांचं मत होतं. ते अगदीच चूक नव्हतं. समोरून बोललं की ते ओठांवरून बरंचसं ओळखतात. पाठीमागचं त्यांना काहीच कळत नाही. कारखाना गेला, पण लपवायची सवय राहिली. त्यासाठीच ते घराबाहेर पडत नाहीत.

हातोडीचं मी टाळलं होतं, तेही आता सांगतो. तू गेल्यावर त्यांनी ती आठ दिवस शोधली. माळा, पलंगाखालची पेटी, जळणाचा ढीग. मला किंवा आईला तू नेल्याचं माहीत नव्हतं. कुठेतरी ठेवून विसरलो असं म्हणून त्यांनी शोधणं सोडलं, आणि तेव्हापासून हत्याराला हात लावला नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांना वर्गावर चला म्हटलं, तर मान हलवून खिडकीकडे वळले. अकरा अनोळखी पोरांसमोर बहिरा म्हणून उभं राहायचं, हे त्यांना नको होतं. आई म्हणाली, तू समजावत बसू नकोस, मास्तरकीने ते कधी बधले नाहीत. मग मी तुझी दोन्ही पत्रं, जानेवारीचं आणि हे, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर गेलो. माझी शपथ मोडली, पण मी तोंडाने काही सांगितलं नाही, एवढी पळवाट ठेवली.

दोन तासांनी आलो तर पत्रं घडी घालून खिशात. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते बूट घालून दाराशी उभे. सहा वर्षांनी बूट. आईने लेस बांधायला हात पुढे केला तर तिला मागे सारलं.

वर्गात आल्या आल्या त्यांनी शांतता राखा ही पाटी काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्यावरच ठोकून दाखवलं. मग मला घासायचं यंत्र चालू करायला लावलं, मुलांच्या कानांत कापूस घालायला लावला. मला सूचना फळ्यावर लिहाव्या लागतात. ते एकेकाचा डावा पंजा धरून पात्याच्या तुकड्यावर ठेवतात, शेजारी ठोकतात आणि चेहऱ्याकडे बघतात. चेहऱ्यावरूनच त्यांना कळतं की पोराला कळलं. मुलांना वाटतं की कापसामुळे आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आजोबा खुणा करतात. अजून कुणाला संशय नाही.

दोन आठवडे उरलेत. जमेल का माहीत नाही.
मन इकडे ठेव.
दादा


मुक्काम : नवा माळ, आणखी उत्तरेला
ता. ७ एप्रिल

ति. दादास,
नमस्कार. आज परीक्षा आहे. नवं काम सुरू झालंय, पाती मोठी आहेत, मुकादम म्हणतो आता तू भित्री नाहीस असं ठरलंय तर टोकाचं काम तूच कर. सकाळपासून दोनदा चुकीच्या पात्यावर चढले. दहा वाजता म्हटलं आता हातोड्या दिल्या असतील. अकराला म्हटलं अजून चाललं असेल. चहा कपात गार झाला, प्याला दुसऱ्याच कुणीतरी.

मला मागे वळून त्या दिवसाचं काहीतरी करावंसं वाटतं आणि ते करता येत नाही. हातोडी पिशवीत जड लागायला लागलीय. तीच हातोडी, तेवढंच वजन.

फक्त आकडा कळव. बाकी मजकूर नको. नाही, बाकी मजकूरही कळव.
कायम तुझी, म्हणजे कुठेही असले तरी,
भिंगरी


मुक्काम : घर
ता. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. नऊ. दोघं राहिले, त्यांना बाई जूनमध्ये पुन्हा बघणार. नऊ जण एक तारखेपासून कामावर. वर्ग चालू राहतो, आणि बाईंनी स्वतः पुढच्या तुकडीत वीस जण घ्या असं लिहून दिलं.

तुझा नवा पत्ता आज कळला म्हणून उशीर. बाकी मजकूर असा. बाबाही आले होते, शेडच्या दाराशी उभे. जुन्या बॉयलरच्या जागी साचा आहे, त्याकडेच बघत होते. मोजपट्टी पास होऊनही परत परीक्षेला बसली, म्हणाली पहिल्या वेळी नशिबाने झाले होते. बाईंनी मुलांचे डावे पंजे बघितले, स्वतःचा हातमोजा काढला, पात्यावर हात ठेवून तिला ठोकायला लावलं. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग हे कुणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं आणि मुलांनी बाबांकडे बोट केलं.

बाई त्यांच्याकडे गेल्या, पण मागच्या बाजूने. आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे याल का, असं त्यांनी ओरडून विचारलं. बाबा साचाच बघत राहिले. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी पुढे होणार तेवढ्यात बाबा वळले, कारण सगळ्यांच्या नजरा त्यांना दिसल्या. मग ते स्वतःच बोलले, सगळ्यांसमोर, जरा जास्तच मोठ्याने, त्या पंख्यांच्या वरताण. मला ऐकू येत नाही, दहा वर्षं झाली, काय विचारायचं ते समोर येऊन विचारा, असं म्हणाले.

बाई समोर आल्या आणि त्यांनी विचारलं. मंगळवार आणि शुक्रवार ठरलं.

घरी येताना बाबांनी मला कागद मागितला. सोबत जोडलं आहे ते त्यांचं. एका बाजूला दोनदा खोडलेलं आहे, त्याला लाल पेन लावलेलं नाही.
सुखरूप अस, एवढंच मागणं.
दादा


ता. ९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही.

हातोडी तुझ्याकडे आहे हे तुझ्या पत्रावरून समजलं. मी ती पुष्कळ शोधली. मला वाटलं कानांपाठोपाठ डोकंही गेलं. ते गेलं नाही, हे कळल्यावर त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, आईला विचार.

वर्गात मी बोल्टच्या एका जुन्या नटाला काडी बसवून भागवलं. हातोडीचा दांडा मी माझ्या मुठीच्या मापाने घासला होता, तुला तो जाड पडत असेल. घासू नकोस, तोल जाईल. वरून कापड गुंडाळ. डाव्या हातात मोजा घालून काम करू नकोस, थंडी असली तरी.

तू शाळा सोडलीस याचा मला राग आला होता, ते खरं आहे. तो आठ दिवसांत गेला. पुढची तीन वर्षं तू रागावली आहेस असं मी समजत होतो, न सांगता गेलीस म्हणून.

तीनदा विचारलंस असं तू लिहिलं आहेस. मग चौथ्यांदा विचारायला तुला जड जाऊ नये. पत्रातून विचारू नकोस. समोर उभी राहून विचार. उत्तर तयार आहे.

लोभ आहे, पहिल्यापासून.
बाबा